दोन धुराड्यांचं घर

"म्हणजे ती तांबडा डगला घालून कमानीखाली उभी राहणार, आणि मी इथं कोळशाच्या गाड्यांना फाटक उघडत बसणार! हेच ना? हेच म्हणायचंय ना तुला?"

"मी काहीच म्हटलं नाही," एनॉक म्हणाला. "मी मीठ मागितलं."

"मीठ तुझ्या नाकासमोर आहे. लग्न झाल्यापासून ते तिथंच आहे. मीसुद्धा तेव्हापासून इथंच आहे, पण दिसते का कुणाला?"

"मीठ दिसलं मला," चुलीजवळच्या कोपऱ्यातून म्हातारा जेबेझ म्हणाला. तो एनॉकचा बाप. त्याला कमी ऐकू यायचं, पण भांडण मात्र त्याच्या कानातून कधी सुटायचं नाही.

"बाबा, तुम्ही गप्प बसा."

"बसतो की. बसण्याशिवाय दुसरं काय येतं मला?"

केटुराने बटाट्याचं भांडं असं आपटलं, की माझ्या मांडीवरच्या शिवणात सुई बोटाला टोचली. केटुरा माझी थोरली बहीण. माझा नवरा दगडाच्या खाणीत दगावला, तेव्हापासून मी तिच्याकडेच राहत होते आणि वेदरलीच्या हवेलीतलं शिवणकाम करत होते. एनॉक हवेलीच्या रानात लाकूडतोड्या होता. पण ज्या घरात आम्ही राहत होतो, ते त्याच्या कुऱ्हाडीमुळे मिळालेलं नव्हतं. ते केटुरामुळे मिळालं होतं. फाटकघर असंच मिळतं. नवरा जमिनीवर राबतो, बायको फाटक उघडते, आणि भाड्याचं नाव कुणी काढत नाही.

त्या दुपारी चर्चमधून परत येताना तिला बातमी कळली होती. रेल्वे आली ती हवेलीच्या पश्चिमेला. स्टेशनही तिकडेच झालं. आता पाहुणे तिकडूनच येणार. म्हणून बाईसाहेबांनी पश्चिमेला नवा रस्ता, नवी दगडी कमान आणि नवं फाटकघर बांधायला काढलं होतं. पाया खणून झाला होता. आणि ते फाटकघर, फाटकवालीच्या तांबड्या डगल्यासकट, हवेलीच्या धाकट्या कोचमनच्या बायकोला, डॉर्कस फेनला द्यायचं, असं बाईसाहेबांच्या मनात होतं. हे डॉर्कसने स्वतःच चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं होतं, आणि तेही लाजत.

"लाजत!" केटुरा म्हणाली. "लाजायला काय झालं? बाईसाहेबांचे केस विंचरून विंचरून घर मिळवलंय. मी तर कुणाचे केस विंचरले नाहीत. मी पावसात उभी राहिले."

ते खोटं नव्हतं. नवी नवरी म्हणून ती या फाटकावर आली, तेव्हा हवेलीतले जुने साहेब हयात होते. घोड्यांच्या टापा वळणावर ऐकू आल्या, की ती चुलीवरचं सोडून, हात पुसून, पांढरं एप्रन बदलून फाटकाशी पोचलेली असायची. गाडीला कधी थांबावं लागलं नाही. नमस्काराला गुडघे लववायची, तेही नेमके, फार नाही, कमी नाही. एकदा बिशपसाहेबांनी टोपीला हात लावला होता. ते तिने इतक्या वेळा सांगितलं होतं, की बिशपसाहेब वारले तेव्हा आमच्या घरात जरा सुतक आल्यासारखंच झालं.

माझ्या बहिणीची सगळी मिळकत तीच होती. तिला मूल नव्हतं. वेदरलीला येणारा प्रत्येक माणूस, कितीही मोठा असो, आधी तिच्यासमोरून जायचा. आणि आता जाणार नव्हता.

घर मात्र चांगलं होतं. बाहेरून बसकं, काळ्या दगडाचं, पाहणाऱ्याने मान वळवावी असं काही नाही. पण आत एकाच मोठ्या चुलीभोवती चार खोल्या, भिंती जाड, हिवाळ्यातही ऊब. मागे उंच कुंपण, त्याच्याआड रासबेरीची झुडपं आणि कपडे वाळत घालायची जागा. फाटकघरवाल्यांना ही जागा म्हणजे सोनं. रस्त्यावरून कुणाला दोरी दिसता कामा नये, हा नियम. हवेलीत येणाऱ्या पाहुण्यांच्या नजरेस लाकूडतोड्याची चड्डी पडून चालत नाही.

पुढच्या आठवड्यात पडद्यांची मापं घ्यायला मला हवेलीत बोलावलं. तिथं लांब टेबलावर नव्या फाटकाचं चित्र मांडलेलं होतं. नकाशा काढणारे मिस्टर पेंबर्टन लंडनहून आले होते. चित्र खरंच सुरेख होतं. मधे उंच कमान, दोन्ही बाजूंना एक-एक बुटका बुरूज, दोघांना एक-एक खिडकी, एक-एक दार, एक-एक धुराडं. कमानीवर गरुडाच्या तोंडाची आणि सिंहाच्या अंगाची दोन दगडी जनावरं, एकमेकांकडे पाठ करून बसलेली. खाली रस्त्यावर एक इवलीशी बाई तांबडा डगला घालून गुडघे लववत होती.

"दोन्ही खिडक्यांचे पडदे अगदी सारखे हवेत, टॅबिथा," बाईसाहेब म्हणाल्या. "चुण्याही सारख्या. मिस्टर पेंबर्टन म्हणतात, एका बाजूला जे दिसेल तेच दुसऱ्या बाजूला दिसलं पाहिजे."

घरी आल्यावर केटुराने मला पायातले बूटसुद्धा काढू दिले नाहीत.

"ती बाई कशी होती?"

"कोण बाई?"

"चित्रातली. लठ्ठ होती का बारीक?"

"ताई, ती करंगळीच्या नखाएवढी होती."

"म्हणजे बारीक." ती खुर्चीत बसली. "डॉर्कसच काढलीय त्यांनी."

"तिला तोंडसुद्धा नव्हतं गं!"

"डॉर्कसला तरी कुठं आहे? नुसते डोळे आहेत."

त्यानंतर दर रविवारी प्रार्थना झाली, की ती एनॉकला घेऊन पश्चिमेच्या रस्त्याने फिरायला जायची. फिरायला म्हणजे कमान किती वर आली ते पाहायला. गवंड्यांनी भोवती फळ्या ठोकल्या होत्या. आतलं काही दिसत नव्हतं. पण फळ्यांवरून धुराडी दिसायला लागली, त्या दिवशी ती घरी आली ती पांढरीफटक पडून.

"दोन धुराडी!" ती म्हणाली. "तिला एकटीला दोन धुराडी! इकडे एक घर, तिकडे एक घर. एका कोचमनच्या बायकोला दोन घरं!"

"दोन घरं झाडावीही लागतील," एनॉक म्हणाला.

"तू तिची बाजू घेऊ नकोस."

"मी केरसुणीची बाजू घेतोय."

आम्ही सगळेच त्या कमानीकडे बाहेरून पाहत होतो. मी चित्र पाहिलं, तेही बाहेरचंच. आत कोण कुठं निजणार आणि कुठं जेवणार, हे त्या चित्राला कुणी विचारलं नाही. बाईसाहेबांनी विचारलं नाही, कारण त्या तिथं राहणार नव्हत्या. मिस्टर पेंबर्टनना लंडनला परत जायचं होतं. आणि केटुराला दुसऱ्याच्या ताटातलं फक्त मोठं दिसत होतं.

डॉर्कस तेव्हा तबेल्यावरच्या माळ्यावर राहत होती. खाली बारा घोडे, वर ती आणि तिचा नवरा. तिच्या केसांनासुद्धा गवताचा वास यायचा. तिला घर हवं होतं, एवढंच तिचं म्हणणं. कमानच हवी, असं ती कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. शरदात ती माझ्याकडे एक काचोळी घेऊन आली आणि म्हणाली, "टॅबिथाबाई, जरा सैल करून द्या, आणि कुणाला बोलू नका. अजून माझ्या फेनलासुद्धा सांगितलेलं नाही." मी कुणाला बोलले नाही. पण काचोळी खिडकीपाशी टेबलावर होती, आणि उसवलेली शिवण वाचता येणार नाही अशी बाई वेदरलीत नव्हती. केटुराने ती उचलली, दोन्ही बाजूंनी ताणून पाहिली आणि जागच्या जागी ठेवली.

चार दिवसांनी बाईसाहेबांची गाडी आमच्या फाटकातून बाहेर पडत होती. मी खिडकीशीच होते. केटुराने गुडघे लववले, आणि मग जे ती कधी करत नसे ते केलं. ती एक पाऊल पुढे आली. गाडी थांबली.

"बाईसाहेब, बोलू का? डॉर्कसचं फार बरं झालं. नव्या फाटकघरात पाळणा हलणार म्हणायचा."

"पाळणा?"

"उन्हाळ्याच्या तोंडाशी. अगं बाई, बाईसाहेबांना ठाऊक नव्हतं? मी वेडी, बोलून गेले." तिने एप्रनचं टोक धरलं. "मला आपली काळजी वाटली, बाईसाहेब. तान्हं मूल म्हणजे रोजचे लंगोट. आणि तिथं तर दोन्हीकडे रस्ता. मागची बाजूच नाही. पण डॉर्कस शहाणी आहे. करील काहीतरी."

बाईसाहेबांनी समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांसमोर काय आलं ते मला खिडकीतून दिसल्यासारखं वाटलं: नवी कोरी कमान, वर दगडी जनावरं, आणि खाली पांढऱ्या पताकांसारखे लंगोट.

"गाडी हाक, फेन," त्या म्हणाल्या. कोचमनच्या जागेवर डॉर्कसचाच नवरा होता. त्याची मान लाल झाली होती. बाप होणार, हे त्याला माझ्या बहिणीकडून कळलं.

ख्रिसमसच्या आधी हवेलीच्या कारभाऱ्यांनी निरोप दिला. कमान केटुराला. जुनं फाटकघर डॉर्कसला, कारण तिथं कपडे वाळवायला आडोसा आहे. केटुरा त्या दिवशी दिवसभर गात होती. तिचा आवाज चांगला नव्हता.

वसंतात आम्ही सामान हलवलं. कारभारी किल्ल्या घेऊन कमानीखाली उभे होते. त्यांनी दोन किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या.

"ही डाव्या बुरुजाची. तिथं स्वयंपाकघर आणि कोठी. ही उजव्याची. तिथं झोपायची खोली, आणि शिडीने वर आणखी एक."

केटुराने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मधे गाडीचा रस्ता होता.

"आणि मधून जायचं कुठून?"

"मधून बाईसाहेबांची गाडी जाते, मिसेस ग्रिग."

"नाही, म्हणजे आम्ही. जेवून झोपायला जायचं ते?"

"रस्ता ओलांडून." ते खोकले. "सगळं घर एका बाजूला घातलं असतं, तर कमान लंगडी दिसली असती. मिस्टर पेंबर्टन म्हणाले."

जेबेझ हातगाडीवर गादीवर बसलेला होता. तो म्हणाला, "म्हणजे कमान लंगडी होऊ नये म्हणून आपण लंगडायचं. छान."

"बाबा, गप्प बसा," केटुरा म्हणाली. पण ती डगल्याकडे पाहत होती. तांबडा, लोकरीचा, रुपेरी बटणांचा डगला कारभाऱ्यांच्या माणसाच्या हातावर होता. तो तिने आधी घातला, आणि मग घर पाहिलं.

डगला तिला शोभला, हे मान्य करायला हवं. स्टेशनवरून येणाऱ्या गाड्या वळल्या, की ती कमानीखाली उभी असायची, मागे तो पांढरा दगड, आणि गाडीतल्या बायका काचेला नाक लावून म्हणायच्या, "किती गोड!" हे तिला ऐकू यायचं. ते घरात येऊन ती आम्हांला सांगायची. आम्हांला सांगायला कधी डावीकडे यावं लागायचं, कधी उजवीकडे.

बाकीचं सांगते. आपल्याला सकाळी चहा प्यायचा असेल, तर आधी बाहेर वाकून पाहायचं. गाडी दिसत असेल, तर थांबायचं. घरची माणसं रस्त्यात दिसता कामा नयेत, हा बाईसाहेबांचा हुकूम. एकदा हवेलीत मेजवानी होती, गाड्यांमागून गाड्या. एनॉक उजवीकडे अडकला आणि त्याचं जेवण डावीकडे. तो खिडकीतून ताटाकडे बघत राहिला. दोन्ही खिडक्यांत संध्याकाळी दिवा लागला पाहिजे. पाहुणे यायचे असतील, तर दोन्ही धुराड्यांतून धूर निघाला पाहिजे. कोळसा मात्र एकाच चुलीपुरता मिळायचा. कमानीतून वारा असा घुसायचा, की गरम पाण्याचं भांडं उजवीकडे पोचेपर्यंत कोमट व्हायचं. आणि कपडे? कपडे मी टोपलीत घालून जुन्या फाटकघरी न्यायचे. डॉर्कसच्या दोरीवर.

एकदा जेबेझ सकाळी रात्रीच्या टोपीत, अंगावर घोंगडी घेऊन, काठी टेकत नाश्त्याला निघाला, आणि मधोमध असताना आर्चडीकनसाहेबांची, म्हणजे बिशपच्या खालोखालच्या साहेबांची, गाडी आली. म्हातारा पळणार कुठं? त्याने टोपी काढली, घोंगडी सावरली आणि वाकून मुजरा केला. साहेबांना वाटलं, हाच फाटकवाला. त्यांनी त्याला पैसे दिले. केटुरा आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.

"मी इतकी वर्षं उभी आहे, मला कधी कुणी पैसे दिले नाहीत!"

"तू घोंगडी घेत नाहीस ना," म्हातारा म्हणाला.

पण हिवाळा आला तसं हसू कमी झालं. जेबेझला खोकला लागला. दिवसातून चार वेळा तो वारा अंगावर घ्यायचा. मग त्याने दुपारी परत उजवीकडे जाणंच सोडलं, आणि डावीकडे बसायला नीट जागा नव्हती, म्हणून तो काठी घेऊन बागेतल्या पायवाटेने जुन्या घरी जाऊन बसायला लागला. त्याचा कोपरा तिथं तसाच होता. डॉर्कसने तिथं दुसरी खुर्ची ठेवली नव्हती. एनॉक काम सुटल्यावर बापाला आणायला जायचा आणि स्वतःही पाइप ओढत बसायचा. मी टोपली घेऊन जायचे आणि तिच्या चुलीपाशी शिवत बसायचे, कारण तिथं बोटं वाकायची.

केटुरा एकटी कमानीखाली. तिथून जुन्या घराचं धुराडं दिसत नाही, मधे झाडं आहेत. पण धूर दिसायचा. मी परत आले की ती विचारायची.

"काय होतं तिच्याकडे?"

"बटाट्याचा रस्सा."

"माझ्या भांड्यात?"

"ताई, भांडं तू इकडे आणलंस. तिचं तिचं आहे."

"रासबेरीचा मुरंबा घातला का तिने? माझ्या झुडपांचा?"

"घातला. तुला बाटली पाठवलीय."

ती बाटली तिने फळीवर ठेवली, तोंड भिंतीकडे करून. भिंतीकडे तोंड असलेली बाटली मी आयुष्यात तेवढीच पाहिली.

मग फेब्रुवारीत कारभारी एनॉकला रानात भेटले. म्हाताऱ्याचा खोकला त्यांच्या कानावर गेला होता. मार्चमध्ये तिमाही संपली की अदलाबदल करता येईल, म्हणाले. ग्रिग मंडळींनी जुन्या घरी परत यावं, फेन मंडळी कमानीत जातील, तरुण माणसं आहेत, रस्ता ओलांडतील. लंगोट हवेलीच्या धुलाईघरात देता येतील. बाईसाहेबांची हरकत नव्हती. त्यांनी डॉर्कसचं बाळ पाहिलं होतं आणि त्या विरघळल्या होत्या. रविवारपर्यंत होय की नाही सांगायचं.

एनॉकने हे जेवताना सांगितलं. केटुराने विचारलं एवढंच:

"म्हणजे डगला तिचा?"

"डगला फाटकाचा असतो. पण हो."

"तेव्हाही बाईसाहेबांना तीच हवी होती."

"केटुरा, बाबा रात्रभर खोकतात."

"ऐकते मी."

"नाही ऐकत. तू तेव्हा गाडीचा आवाज ऐकत असतेस."

यावर ती उठली आणि भांडी घासायला लागली.

शनिवारी चार वाजता तिने डुकराच्या मांसाचा तुकडा कांद्यावर परतून ठेवला. पाव कापला. कुणी आलं नाही. उजवीकडे जाऊन पाहिलं, खाटा रिकाम्या. मग तिने डगल्यावर शाल घेतली आणि पायवाट धरली. तिने आत येण्याआधी किती वेळ खिडकीबाहेर काढला, ते मला माहीत नाही. मी मान वर केली तेव्हा ती काचेपलीकडे उभी होती, तांबडी, आणि आत बघत होती. आत एनॉकच्या मांडीवर डॉर्कसचं बाळ होतं. इतक्या वर्षांत मी त्याच्या मांडीवर मूल पाहिलेलं नव्हतं. त्याला ते धरता येत होतं. म्हातारा कोपऱ्यात बशीतून चहा पीत होता आणि खोकत नव्हता.

"अगं बाई, मिसेस ग्रिग!" डॉर्कसने दार उघडलं. "या ना, बाहेर का? बसा. चहा आत्ताच केलाय."

केटुरा बसली नाही. तिची नजर भिंतीवरून फिरली. फळ्या, खुंट्या, चुलीवरचा काळा पडलेला दगड, जो तिने घासून घासून गुळगुळीत केला होता.

"फळी सरकवलीस."

"हो, पाळण्याला जागा हवी होती. नाही आवडली का?"

"तुझं घर आहे."

"ते तुमच्यामुळेच की!" डॉर्कस म्हणाली. तिच्या बोलण्यात काही आडपडदा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. "बाईसाहेबांनी मला सांगितलं. म्हणाल्या, मिसेस ग्रिगनेच तुझी बातमी दिली आणि कपड्यांची काळजी केली. नाहीतर मी बाळाला घेऊन त्या वाऱ्यात असते. मी रोज तुमचं नाव घेते."

एनॉकने बाळावरून मान वर केली. त्याला इतके दिवस वाटत होतं, की कमान बायकोला तिच्या चाकरीबद्दल मिळाली.

"पण बाबांचं बघवत नाही मला," डॉर्कस पुढे म्हणाली. "फेन आणि मी बोललो. तुम्ही इथं या, आम्ही तिकडे जाऊ. आम्हांला काही होत नाही. तुम्ही होय म्हणा फक्त."

"तुला जायचंय तिकडे?" केटुराने विचारलं.

"मला? मला इथंच बरं आहे हो. पण फेन म्हणतो..." ती हसली. "फेन म्हणतो, तांबडा रंग मला खुलेल."

माझ्या बहिणीच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं, आणि चटकन शिवण गोळा करायला लागले.

घरी येताना म्हातारा मधे मधे थांबायचा. कमानीपाशी वारा लागला आणि त्याला अशी उबळ आली, की एनॉकने त्याला दोन्ही हातांनी धरलं. आम्ही त्याला डावीकडे आणून चुलीशी बसवलं. मांस थंड झालं होतं, चरबी पांढरी थिजली होती.

"उद्या रविवार," एनॉक म्हणाला. "मी कारभाऱ्यांना होय सांगणार होतो. आता तू सांग. कमान तू मिळवलीस, आणि कशी मिळवलीस ते आज कळलं. तेव्हा सोडायचीही तूच."

"कशी मिळवली म्हणजे? खोटं बोलले का मी?"

"नाही. ते खरंच होतं. म्हणून तर."

"तुला तिचं मूल मांडीवर घ्यायला बरं वाटतं."

"हो," एनॉक म्हणाला. "वाटतं."

तेवढ्यात बाहेर घंटा वाजली. केटुराने शाल काढली, डगल्याची बटणं नीट लावली, आरशाच्या तुकड्यात टोपी पाहिली आणि बाहेर गेली. फाटकाच्या लोखंडाचा आवाज आला. गाडी थांबली. कुणा बाईचा आवाज आला, तरुण, हसरा: "ही बघ, ही ती! मी सांगत होते ना, अगदी चित्रातल्यासारखी!" मग चाकं पुढे गेली, फाटक बंद झालं.

ती आत आली. तिचे गाल लाल झाले होते. वाऱ्याने असतील. तिने दार लावलं, मांसाचं ताट परत चुलीवर ठेवलं आणि आमच्याकडे पाठ करून म्हणाली,

"अदलाबदल होणार नाही. बाबा उद्यापासून डॉर्कसकडे राहतील, तिचं मन मोठं आहे तर. त्यांची खाट सकाळी हातगाडीवर घाला. तुम्हां दोघांना जायचं असेल तर तुमच्याही घाला. मी इथंच राहणार आहे."